फाइलीत आमचं नाव ‘स्लेव्ह’ आहे

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. मी एक शहर कापून काढलंय. निळ्या झेंड्याखाली कापून काढलंय. एका हातात कटिंगचा ग्लास, दुसऱ्या हातात माउस, पडद्यावर तीन बटणं. तिसरं दाबलं. हजारो माणसं आकड्यातून उडाली आणि मी वर बोललो, ‘चला, घाण तरी कमी होईल.’

हेच कुणा सदाशिवपेठी पोरानं केलं असतं तर ह्याच पानांवर मी त्याची सालटी सोलली असती. केलं मी. सोबत आपल्या अभ्यासवर्गातले दोघे होते, दोघेही बाबासाहेब कोळून प्यालेले. म्हणून हा मजकूर. वाचताना कुणाला वाटलं की हे आपल्यावर रोखलंय, तर त्याला बरोबर वाटतंय.

गेमचं नाव रोम : टोटल वॉर. २००४ सालचा. जुना म्हणून नाक मुरडू नका, २०२१ला त्याला नवा रंग फासून पुन्हा बाजारात आणलाय आणि पोरं अजून खेळतात. इ.स.पू. २७०ला सुरू होतो, वर्षाला दोन चाली, इ.स. १४ला संपतो. भूमध्य समुद्राभोवतीचा सगळा मुलूख नकाशावर. राज्याला तिथं ‘फॅक्शन’ म्हणतात. रोमन घराणी तीन, ज्युलाय, ब्रुटाय, स्किपाय, आणि त्यांच्या डोक्यावर सिनेट. बाकी कार्थेज, इजिप्त, गॉल, ब्रिटन वगैरे मंडळी.

ह्या गेमची किल्ली पडद्यावर नाही. ती एका साध्या टेक्स्ट फाइलीत आहे, तिचं नाव डिस्क्र-स्ट्रॅट, नोटपॅडमध्ये उघडते. कुठलं राज्य कुठून सुरू होणार, त्याच्याकडे गावं कोणती, गावात डोकी किती, तिजोरीत देनारी किती, सरदार नकाशावर कुठं उभा, एक्स किती, वाय किती, सगळं तलाठ्याच्या दप्तरासारखं ओळीनं मांडलेलं. अरेटियम आणि अरिमिनम ही दोन गावं ज्युलायकडे. ती त्यांच्या नावाखालून कापा, तिसऱ्याच मुलखातली चिकटवा, त्यांच्या फ्लाव्हियस ज्युलियसचे एक्स-वाय बदला. झाला रोमन सरदार आयर्लंडचा धनी. आकडा चुकून समुद्रात पडला तर गेम कोसळतो. नीट पडला तर दूरदेशी नवं राज्य तयार. जगभर पोरं हे करतात. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या प्रत्येक गेमभोवती ही हौस घोंगावत असतेच. आपलं राज्य मुळासकट उपटायचं, लांब नेऊन लावायचं, आणि मग काय होतं ते बघायचं.

हौस मला कळते. तुमच्यापेक्षा जास्त कळते. ज्याची वस्ती कुठं असावी हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं ठरवलं, गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याला कुणी म्हटलं की हा घे एक्स, हा घे वाय, लाव तुझं राज्य कुठंही, तर त्याचे हात शिवशिवणारच. आमचे शिवशिवले.

पण आधी त्या फाइलीच्या डोक्यावरच्या तीन याद्या बघा. पहिली, जी राज्यं खेळता येतात त्यांची. दुसरी, जी जिंकल्यावर खुली होतात त्यांची. तिसरी, जी खेळताच येत नाहीत त्यांची. तिसऱ्या यादीत मॅसिडोन आहे, नुमिडिया आहे, थ्रेस आहे, डेशिया आहे. आणि दोन नावं आणखी आहेत. एक रोमन सिनेट. दुसरं ‘स्लेव्ह’.

हे स्लेव्ह कोण? पडद्यावर त्यांना बंडखोर म्हणतात. जी गावं कुठल्याच राजाची नाहीत ती सगळी यांच्या खात्यात. उत्तर इटलीतलं सेगेस्टा यांचं, आयर्लंडमधलं तारा यांचं. कुणाला खंडणी देत नाहीत, कुणाच्या दाराशी जोहार घालत नाहीत, आपापलं गाव सांभाळून बसलेत. आणि फाइलीत त्यांचं नाव काय? गुलाम! मायला, आम्ही तर उलटं शिकलो होतो. ज्याच्या डोक्यावर मालक तो गुलाम. इथं डोक्यावर मालक नाही म्हणून गुलाम. जो अजून कुणाच्या मालकीचा झाला नाही त्याला आधीच नाव देऊन ठेवलंय.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मनात पाप नसेल. आखूड नाव पाहिजे होतं, ठेवून दिलं. ‘येसकरा’ अशी हाक मारताना पाटलाच्या मनात तरी रोज सकाळी उठून पाप कुठं होतं? नाव पडलेलं होतं, तो ते घेत होता.

यादीतलं नाव कापून वरच्या यादीत टाकलं की ते राज्य खेळता येतं, ही युक्ती शेंबडं पोरही सांगेल. सांगताना एक सूचनाही देतं, दोघांना हात लावू नकोस, सिनेटला आणि स्लेव्हला. आम्ही अर्थात स्लेव्हला आधी हात लावला. गेम तिथंच मेला. पुन्हा केलं, पुन्हा मेला. तेव्हा हसलो. आता हसू येत नाही. मालक आणि गुलाम दोघंही खेळाबाहेर, पण सिनेट खेळाबाहेर बसून हुकूम सोडते, अमकं शहर घ्या, तमकं बंदर अडवा, आणि स्लेव्ह खेळाबाहेर बसून मार खातो.

मग आम्ही नुमिडिया घेतलं. का, तर आफ्रिकेतलं, काळ्या माणसांच्या खंडातलं, तिसऱ्या यादीत कोंबलेलं. आपलं वाटलं. दुसऱ्या एका फाइलीत झेंड्याचे रंग लाल-हिरवा-निळा अशा आकड्यांत लिहिलेले असतात, ते बदलून झेंडा निळाशार केला. गावं काढून स्लेव्हच्या खात्यात टाकली आणि ताराला नेऊन लावलं. नकाशाचं टोक, चहूकडून पाणी, शेजारी कुणी नाही, गावकूसच नाही तर गावकुसाबाहेर कोण टाकणार! ताराचं नाव बदलून बेगमपुरा ठेवलं. संत रविदासांचा बेगमपुरा. जिथं दुःख नाही, धास्ती नाही, कर नाही.

पहिल्याच चालीत गोची. गेममध्ये कराचे दर चार. कमी, नेहमीचा, जास्त, फार जास्त. शून्य नाहीच. बेगमपुऱ्यात पहिल्या दिवसापासून करवसुली सुरू.

दुसरी गोची. ताराची माणसं तिथलीच होती. आम्ही राज्य हलवलं, माणसं थोडीच हलवली होती! गावाच्या पाटीवर नुमिडियाचं नाव आणि खाली डोकी सगळी आयर्लंडची. त्यांच्या घरादारांचा घाट वेगळा, आमचा वेगळा, म्हणून गेम ‘संस्कृती’चा दंड लावतो, लोक नाराज राहतात. उपाय काय, तर त्यांचं जे उभं आहे ते पाडा आणि आपलं बांधा. आम्ही पाडलं. त्यातलं देऊळ पाडताना आमचा एक जण म्हणाला, ‘बरं झालं, देव गेले.’ मीही मान डोलावली. ते कुणाचं देऊळ होतं, तिथं कोण जात होतं, हे विचारायला आम्ही थांबलो नाही. आमच्या देवळाला पैसे पुरले तेवढं बघितलं.

मग समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरलो. डेव्हा घेतलं, एबोराकम घेतलं, लंडिनियम घेतलं. गाव पडलं की तीन बटणं येतात. पहिलं ताबा घ्या. दुसरं गुलाम करा. तिसरं कत्तल करा. दुसरं दाबलं की गावातली डोकी आपल्या इतर गावांत वाटली जातात, तिथली लोकसंख्या फुगते, वसुली वाढते. आम्ही डेव्हाला दुसरं दाबलं. दाबताना एकानं हिशेब मांडला, ‘बेगमपुऱ्यात माणसं कमी पडतायत, ही तिकडं जातील, त्यांचंही भलंच.’ हिशेब बिनचूक होता. निळ्या झेंड्याच्या, करवसुलीच्या बेगमपुऱ्यात आता गुलामही आले. मेडिव्हल २ म्हणून ह्याच घराण्यातला २००६चा गेम आहे, त्यात तर व्यापाराच्या मालाच्या यादीतच धान्य, मासळी, लाकूड आणि गुलाम अशी रांग आहे. तिथं कुणी दचकत नाही, इथं आम्ही का दचकावं?

आता त्या कापलेल्या शहराकडे येतो.

ह्या गेममध्ये एक आकडा आहे. इंग्रजीत त्याला स्क्वॉलर म्हणतात, मराठीत घाण म्हणा, बकाली म्हणा. शहर जितकं दाट तितका हा आकडा मोठा आणि तितके लोक बेकाबू. म्हणजे घाण कुठून येते? माणसांपासून येते. किती सरळ! राजवाड्यातून येत नाही, कारखान्यातून येत नाही, वाढणाऱ्या डोक्यांमधून येते. आमच्या वस्तीबद्दल वॉर्डातले साहेब जे बोलतात तेच गेमनं गणितात घातलंय. गटार नावाची इमारतही आहे त्यात. पैसे मोजा, काही चाली थांबा, गटार तयार, आरोग्य सुधारलं. त्यावर स्नानगृहं, त्यावर जलवाहिनी. त्या गटारात कुणी उतरत नाही. कुणी दोरी लावून वर ओढला जात नाही. आपल्याकडं हाताने मैला उचलायला बंदी करणारे कायदे दोन झाले, १९९३चा एक आणि २०१३चा एक, आणि मॅनहोलमधून मढी अजून निघतात. आणि निघतात ती कुणाची, हे ह्या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

लंडिनियम बारा हजारांवर गेलं आणि घाणीचा आकडा चढायला लागला. लोक खवळले. जुन्या खेळाडूंनी ठरवून दिलेले उपाय दोन. पहिला उपाय असा, की गर्दीच्या शहरात शेतकऱ्यांच्या पलटणी भरती करायच्या. जितकी भरती तितकी तिथली डोकी कमी. मग त्या पलटणी चालवत लांबच्या गावाला न्यायच्या आणि तिथं मोडून टाकायच्या. माणसं तिथल्या आकड्यात विरघळतात. झालं स्थलांतर. रक्त नाही, बोंब नाही.

हा उपाय मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. आमची वस्ती नाल्याकाठची. एका खात्यानं सर्वे केला, दारांवर रंगानं आकडे टाकले, आणि एके दिवशी आम्हांला उचलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सात मजली खुराड्यांत नेऊन मोडलं. पलटण मोडतात तसंच मोडलं. आकड्याच्या हिशेबानं एकही माणूस कमी झाला नाही. तिकडं जितकी वजा इकडं तितकी जमा. पण माझी आई चार घरची धुणीभांडी करायची, ती चारही घरं गेली. दोन बस बदलून जायचं तर पगार भाड्यातच. शेजारची मावशी जुन्या जागी भाजी लावायची, तिचं गिऱ्हाईक तिकडंच राहिलं. धाकट्या भावाची शाळा सुटली ती सुटलीच. आमचेही कुणी एक्स-वाय बदलले होते. कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी फाइलीत, कापा आणि चिकटवा.

आणि मी हे सगळं भोगलेला माणूस त्या रात्री लंडिनियममधून शेतकऱ्यांच्या पलटणी हाकत होतो. एकदाही आईची आठवण आली नाही. खोटं कशाला बोलू.

पलटणींनी भागलं नाही. शहरानं बंड केलं, आमची शिबंदी हाकलून दिली. त्या क्षणी ते शहर स्लेव्हच्या खात्यात गेलं. समजलं का? काल ते आमची प्रजा होतं. आज मान वर केली म्हणून फाइलीत त्याचं नाव गुलाम. हा जुन्या खेळाडूंचा दुसरा उपाय. ते तर मुद्दाम बंड होऊ देतात. कारण स्वतःच्या शहराची कत्तल करता येत नाही, बंडखोर शहराची करता येते. बंड होऊ द्या, वेढा घाला, पुन्हा जिंका, तिसरं बटण दाबा. डोकी कमी, घाण कमी, सुव्यवस्थेचा आकडा वर. पुढची कित्येक वर्षं शांतता. मी दाबलं. ती कबुली वर दिलीच आहे.

आता काही जण म्हणतील, गेम आहे रे, त्यात राजकारण कशाला आणतोस. हे म्हणणारे कोण ते बघून घ्या. ज्यांना गेममध्ये पेशवाई लंडनला न्यायची असते तेच हे. युरोपा युनिव्हर्सालिस ४ नावाच्या गेममध्ये २०१५पासून स्वतःचं राज्य हवं तसं घडवून हव्या त्या जागी बसवायची सोय आहे. झेंडा निवडा, धर्म निवडा, भाषा-संस्कृती निवडा. आमच्या ओळखीच्या एका पोरानं युरोपात मराठी राज्य बसवलं, भगवा लावला, अटकेपारच्याही पार. मी म्हटलं, तुझ्या त्या राज्यात माझ्या गळ्यात मडकं आहे का रे? तर म्हणे, जात कुठं असते गेममध्ये!

असते भावा. बरोबर असते. क्रुसेडर किंग्ज २ ह्या गेमचा हिंदुस्थानवरचा भाग २०१४ला आला. त्यात हिंदू राजाला जात असते. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य. तीनच. शूद्रसुद्धा गाळला, आपली तर बातच सोडा. युरोपा युनिव्हर्सालिसचा ‘धर्म’ नावाचा भाग २०१८ला आला, त्यात दरबारातली वजनदार मंडळी कोण? ब्राह्मण, राजपूत, मराठा, वैश्य, जैन. ह्यांची मर्जी सांभाळायची, ह्यांना जमिनी द्यायच्या, नाहीतर राज्य डळमळतं. म्हणजे हा स्वीडनचा गेम, हजारो मैलांवर बसून बनवलेला, आणि त्याला आमच्या गावाचा नकाशा तोंडपाठ! पाटील कोण, कुलकर्णी कोण, सावकार कोण, सगळं माहीत. फक्त गावकुसाबाहेर त्यांचा कॅमेरा पोचला नाही. तिथं जमीनच नाही तर गेममध्ये कशानं येणार? हे गेम जमीन मोजतात. ज्याच्या नावावर जमीन तो माणूस, बाकी डोकी.

आणि त्याच गेममध्ये बौद्ध राज्यांना ‘कर्म’ नावाचा काटा लावलाय! जास्त मुलूख मारला की कर्म खाली, मित्राच्या हाकेला धावलं की वर. ज्या कर्माच्या नावानं हजारो वर्षं आम्हांला सांगितलं की मागल्या जन्मीचं फेड, आणि जे मागल्या जन्मीचं कर्म बाबासाहेबांनी धम्मातून उचलून बाहेर फेकलं, ते ह्यांनी आमच्याच ताटात पुन्हा वाढलं. हे जाता जाता. मुद्दा दुसरा आहे.

मुद्दा आपल्या दोस्ताच्या बचावाचा आहे, कारण तो बचाव हुशार आहे आणि म्हणून जास्त घातक आहे. लंडिनियमच्या रात्रीनंतर मी त्याला म्हटलं, आपण हे काय करून बसलो? तो म्हणाला, ‘बाबासाहेबांनीसुद्धा वेगळ्या वसाहती मागितल्या होत्या की नाही? मग आपण दूरदेशी आपलं राज्य बसवलं तर त्यांच्याच मागणीचं हे खेळातलं रूप झालं. सुरुवातीला थोडी रगड होणारच.’

थोडी रगड. शब्द नीट ऐका. हेच शब्द धरणवाला बोलतो, बिल्डर बोलतो.

मागणी केली होती, खरं आहे. जुलै १९४२, नागपूर. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जिथं उभं राहिलं त्याच परिषदेत ठराव झाला की अस्पृश्यांच्या वसाहती हिंदू गावांपासून दूर, स्वतंत्र करा. १९४७ला संविधान सभेसाठी फेडरेशनतर्फे जे निवेदन बाबासाहेबांनी लिहिलं, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, त्यातही ती मागणी आहे. पण दोस्ता, ठरावाचं नाव पाठ करून भागत नाही, तो वाचावा लागतो. जमीन कुठली मागितली? सरकारची पडीक जमीन. कुणाचं गाव जिंकून नव्हे, कुणाला उठवून नव्हे. कशासाठी? गावात राहिलास तर बलुत्यासाठी हात पसरणं आलं, आणि हात पसरला की मान खाली आली. ही मान सोडवायची होती. त्यात राजा होण्याची भाषा आहे कुठं? आणि त्याच निवेदनात शेतीचं काय केलंय? शेतजमीन सरकारच्या मालकीची करा, गावकऱ्यांना जातपात न बघता सामूहिक कसायला द्या, म्हणजे जमीनदार उरणार नाही, कूळ उरणार नाही, भूमिहीन मजूर उरणार नाही. हा नियम तुझ्या डिस्क्र-स्ट्रॅटमध्ये लिहून दाखव. तिथं ती ओळच नाही. तिथं गाव कुणाच्या तरी मालकीचं, नाहीतर स्लेव्हचं. तिसरा रकाना नाही.

आणि ती मागणी कुणी मान्य केली? कुणीच नाही. १९५९ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ला देशभर केला, माणसं गाड्या भरभरून तुरुंगात गेली, तेव्हा पडीक जमिनीचे तुकडे काही ठिकाणी सुटले. आजही गायरानात चार पाभरी पेरल्या म्हणून गावं आमच्या पोरांची डोकी फोडतात. नकाशावर स्लेव्ह म्हणून लिहिलेलं गाव दोन चालीत घेता येतं. गावाबाहेरचा खडकाळ एकर तीन पिढ्यांत नावावर होत नाही.

दूरदेशी नेऊन बसवण्याचा प्रयोग खऱ्या जगात झालेला आहे. तो वाचलाय का कुणी? आपण ज्यांच्यावरून १९७२ला पँथर हे नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या काळ्यांच्या वाडवडिलांवर झाला. १८१६ला तिथं अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी निघाली. काढणारे गोरे, त्यात खुद्द गुलामांचे मालक. कल्पना अशी की जे काळे मोकळे झालेत त्यांना आफ्रिकेत नेऊन सोडायचं. गुलामगिरी तशीच ठेवायची, फक्त मोकळी माणसं नजरेआड करायची. फिलाडेल्फियातल्या काळ्यांनी १८१७लाच सभा भरवून ठणकावलं, आमच्या घामावर हा देश उभा आहे, आम्ही जाणार नाही. तरी काही हजार गेले. काहींना मोकळं करण्याची अटच ती होती. केप मेसुराडोला वसाहत पडली, १८४७ला लायबेरियाचं स्वतंत्र प्रजासत्ताक झालं. राजधानीचं नाव मनरोव्हिया, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या नावावरून.

पण तो किनारा रिकामा नव्हता. तिथं माणसं होती. साखळदंडातून सुटून आलेल्यांनी त्यांच्यावर राज्य केलं, स्वतः अमेरिकन बंगल्यांसारखी घरं बांधली, पलीकडच्यांना रानटी म्हटलं, १९०४पर्यंत नागरिकत्व दिलं नाही. आणि १९३०ला राष्ट्रसंघाच्या चौकशीत काय निघालं? तिथले अधिकारी मूळच्या माणसांना जबरदस्तीनं धरून फर्नांडो पो बेटावर मजूर म्हणून पाठवत होते. त्या अहवालानंतर अध्यक्ष चार्ल्स किंगना खुर्ची सोडावी लागली. गुलामांचे नातू माणसं जहाजात भरत होते! मूठभर घराण्यांची ती सत्ता १९८०च्या लष्करी उठावापर्यंत टिकली, आणि तो उठावही माणसं गोळ्या घालूनच झाला.

हे मी कुणा काळ्या भावाला हिणवायला सांगत नाही. मी लंडिनियमचा माणूस, मला कुठलं तोंड आहे. मी एवढंच म्हणतो की त्यांच्या हातात जी फाइल दिली ती आधीच लिहिलेली होती. ‘हे प्रजासत्ताक, हा झेंडा, आणि बाकीचे स्लेव्ह.’ त्यांनी एक्स-वाय बदलले, रकाने तेच ठेवले.

स्पार्टाकसचं नाव आपल्या पोस्टरवर असतं. तो ज्या कापुआच्या आखाड्यातून पळाला ते कापुआ ह्या गेममध्ये स्किपायचं सुरुवातीचं गाव आहे. इ.स.पू. ७३ ते ७१, दोन वर्षं त्यानं रोमला झोपू दिलं नाही. त्याच्या माणसांनाही लांब जायचं होतं. कुणी थ्रेसचा, कुणी गॉलचा. शेवटी सिसिलीला जायला त्यानं समुद्री चाच्यांशी सौदा केला. चाचे बिदागी घेऊन निघून गेले आणि माणसं किनाऱ्यावर उभी राहिली. मग कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार खांब रोवले गेले, प्रत्येक खांबावर एक जिवंत माणूस. त्यांचे एक्स-वाय क्रासससाहेबांनी ठरवले.

दोस्ताचं अजूनही म्हणणं आहे की चूक गेमची नाही, आमच्या खेळण्याची होती. कत्तलीचं बटण न दाबताही जिंकता येतं म्हणतो. कर सगळ्यात कमी ठेवायचा, गुलाम करायचे नाहीत, नुसता ताबा घ्यायचा, शहरं लहान ठेवायची. कमी, म्हणे! बेगमपुऱ्यात कमी कर! मी त्याला विचारलं, जिंकता येतं म्हणजे काय येतं? किती गावं आपल्या नावावर झाली की जिंकलं? तो आकडा सांगू लागला आणि मध्येच थांबला. थांबला, एवढं त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

आमची तिसऱ्या यादीची खटपट मात्र सुटलेली नाही. दुसरा एक जण, गटात सगळ्यात कमी बोलणारा, रोज रात्री स्लेव्हचं नाव वरच्या यादीत टाकून बघतो. त्यानं स्लेव्हला एक सरदार दिला, एक वारस दिला, घराण्याची ओळ लिहिली. गेम कोसळतो. सरदार काढला. कोसळतो. परवा मला म्हणाला, ‘ह्याला राजा असल्याशिवाय चालूच होत नाही.’ आणि पुन्हा फाइल उघडून बसला.

ह्यावर ज्याला भांडायचंय त्यानं रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्गाला यावं. लॅपटॉप घेऊन यावं. हॉलमध्ये प्लग एकच आहे, तोही सैल, तेव्हा घरून चार्ज करून आणावा.